ठाण्यातील वडिलोपार्जित वाड्याचा इतिहास कसा शोधावा आणि दुरुस्ती कुठून सुरू करावी?

आपला वाडा न पाडता टिकवण्याचा विचार आहे, हे वाचून मनापासून आनंद झाला. माझ्या आजोळचा वाडाही ठाण्यातच आहे आणि त्याच्या दुरुस्तीत मी स्वतः लक्ष घालत आलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

इतिहासासाठी घरातल्या आठवणींना कागदांची जोड हवी. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, काढाव्यात, तसेच घरातील मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्यावेत. ठाणे 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकले आणि 1774 च्या अखेरीस ते इंग्रजांकडे गेले. त्यामुळे घराण्याला पेशव्यांची सनद असल्याचे सांगितले जात असेल, तर पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात शोध घेणे योग्य ठरेल. छपराच्या मंगळुरी कौलावर 1865 हा आकडा दिसला, तर ते वाड्याचे बांधकाम-वर्ष समजू नये. ते बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या मंगळुरातील कौल-कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष आहे आणि पुढची अनेक वर्षे तेथील कौलांवर तेच उमटत राहिले.

दुरुस्तीत सर्वांत जपायचे ते सिमेंटपासून. चुन्याची भिंत ओल शोषते आणि उन्हाळ्यात बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते, क्षार फुलतात आणि भिंत आतून भुसभुशीत होते. याहून घातक प्रकार आमच्या ओसरीवर घडला होता. सागवानी खांब जमिनीपासून उंच राहावा म्हणून दगडी तळखड्यावर उभा केलेला असतो. पूर्वी कधीतरी फरशी बसवताना सिमेंटचा थर देऊन जमीन उंच केली गेली आणि तळखडे त्याखाली गाडले गेले. वरून ऑइलपेंट चकचकीत होता, पण खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचला तेव्हा तो मुठीपर्यंत आत गेला. फरशी उकरून तळखडे मोकळे केले, कुजलेला भाग कापून तिथे जुन्या सागाचा तुकडा सांधला, तेव्हा खांब वाचले. आपणही प्रत्येक खांबाचे बूड असेच तपासावे.

मात्र पहिला खर्च छपरावर करावा. फुटकी कौले, कुजलेल्या रिपा आणि तुंबलेली पन्हळ पावसाळ्याआधी बदलली नाहीत, तर खालचे सारे काम वाया जाते. कामाला हात लावण्यापूर्वी मोजमापांसह नकाशा आणि छायाचित्रे तयार ठेवावीत, वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, हे शहर विकास विभागात विचारावे आणि सर्व वारसदारांची लेखी संमती घ्यावी.