बायपाससाठी पायाची शीर चरबीसकट का काढतात?

तुम्ही विचारलंय की वडिलांना मधुमेह आहे, बायपास सोलापुरातच ठरली आहे आणि सर्जन म्हणाले, पायाची शीर भोवतालच्या चरबीसकट काढू. चरबीनेच ब्लॉकेज होतात, मग तीच हृदयावर नेऊन कशाला बसवायची?

मी इथेच, सोलापुरात, हृदयाच्या ऑपरेशनला सर्जनना असिस्ट करतो. पायाची शीर काढणं हे माझं नेहमीचं काम. तुमची शंका अगदी रास्त आहे.

ब्लॉकेज होतं ते नळीच्या आत, अस्तराखाली साचलेल्या कोलेस्टेरॉलमुळे. सर्जन म्हणतात ती चरबी नळीच्या बाहेरची. नेहमीच्या पद्धतीत आम्ही घोट्यापासून वर चीर देतो आणि शेवग्याची शेंग सोलावी तशी शीर सोलून बाहेर काढतो. सोलताना ती आखडते, बघता बघता बारीक होते. मग सिरिंजने आत द्रव भरून तिला फुगवावं लागतं. हाताच्या जोराने तो दाब ३०० च्याही वर जाऊ शकतो. माणसाचा वरचा बीपी १२० असतो, म्हणजे विचार करा. आतलं नाजूक अस्तर तिथेच दुखावतं. दुखावलेल्या जागी पहिल्या महिन्यात गुठळी होऊ शकते, पुढे वर्षभरात आतली भिंत जाड होत जाते आणि त्यानंतर तिथेच कोलेस्टेरॉल साठतं. शिरेचे ग्राफ्ट, म्हणजे हृदयावर जोडलेले शिरेचे तुकडे, दहा वर्षांत साधारण निम्मे बंद पडतात किंवा फार अरुंद होतात, त्याचं एक मोठं कारण हे.

चरबीसकट काढताना चिमटा शिरेला लावायचाच नाही, चरबीला लावायचा. बाजूच्या फांद्या जरा लांबून बांधायच्या. हाती येते ती पिवळसर, जाडसर पट्टी, मधे निळी रेघ. ती आखडत नाही, म्हणून फुगवायची गरजच पडत नाही. शिरेच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या अगदी बारीक वाहिन्या या चरबीतूनच जातात, त्या शाबूत राहतात. चरबी स्वतः नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्यं सोडते, त्याने शीर सैल राहते. शिवाय बाहेरून आधार मिळतो, ग्राफ्ट लांब असला तरी मुरगळत नाही. छातीच्या आतली जी धमनी बायपासला वापरतात, तीही बरेच सर्जन भोवतालच्या चरबीसकटच उतरवतात, आणि टिकण्यात तिचा पहिला नंबर.

या पद्धतीला नो-टच म्हणतात. स्वीडनमधल्या ओरेब्रोचे सर्जन डोमिंगोस सूझा यांनी ती १९९० च्या दशकात पुढे आणली. त्यांच्याकडच्या अभ्यासात १६ वर्षांनी नो-टचचे ८३ टक्के ग्राफ्ट चालू होते, नेहमीच्या पद्धतीचे ६४ टक्के. पण रुग्ण थोडे होते. चीनमध्ये अडीच हजारांहून जास्त रुग्णांवर झालेला अभ्यास २०२१ साली आला. त्यात वर्षभराने बंद पडलेले ग्राफ्ट नो-टचमध्ये ३.७ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ६.५ टक्के. २०२४ मध्ये स्वीडनच्याच एका मोठ्या अभ्यासात मात्र दोन वर्षांनी ठोस फरक दिसला नाही, आणि पायाच्या जखमेचा त्रास नो-टचमध्ये जास्त निघाला.

तुमच्या बाबतीत मला काळजी वाटते ती याच जखमेची. चरबी काढली की कातडीखाली पोकळी राहते. मधुमेहात जखम आधीच हळू भरते, त्यात आपल्याकडचा मे महिना, पट्टीखाली घाम. म्हणून सर्जनना सरळ विचारा: चीर किती लांब देणार? दुर्बिणीतून काढणं का नको? (त्यात चीर छोटी राहते, पण चरबी बहुधा सुटतेच.) एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) किती असलेली चालेल? ते नो-टच नेहमी करत असतील, तर मी त्यांच्या शब्दावर जाईन. क्वचित करत असतील, तर त्यांच्या हाताला बसलेली पद्धतच बरी.

एक खरं, की मधुमेहात हृदयाच्या धमन्यांभोवतीची चरबी सुजते आणि त्रासही देते. पायाच्या कातडीखालची चरबी तशी वागत नाही.

आणि वडील मावा किंवा तंबाखू खात असतील, बिडी ओढत असतील, तर ते आजपासूनच बंद करायला लावा. अॅस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, ऑपरेशननंतर बरं वाटलं तरीही. डिस्चार्जनंतर पाय सुजला, लाल झाला किंवा टाक्यातून पाणी आलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.