अंदमानच्या स्वराज द्वीपावर किनाऱ्यालगतच्या स्वस्त रिसॉर्टमध्ये कुटुंबासह राहावे का?

आपण साताऱ्याहून विचारले आहे की, आपण दोघे, दोन मुले आणि सासूबाई असे पाच जण अंदमानला जाणार आहात, खर्चाला मर्यादा आहे, आणि स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, अगदी किनाऱ्यावरच्या स्वस्त रिसॉर्टमध्ये चार रात्री राहावे की पोर्ट ब्लेअरला मुक्काम ठेवून एका दिवसात बेट पाहून परतावे. शिवाय छायाचित्रांत पाणी खोलीच्या दारापाशी दिसते, ते खरेच तसे असते का, हाही आपला प्रश्न आहे. मी सांगलीचा. गेल्या वर्षी माघ पौर्णिमेच्या सुमारास आम्हीही पाच जणच, माझ्या आईसह, तिथे पाच रात्री राहून आलो. त्या अनुभवावरून सांगतो की किनाऱ्यावरच राहा, आणि स्वस्तातलेच घ्या. मात्र खोलीचे भाडे पाहण्याआधी तारखेची तिथी पाहा, कारण त्या बेटावर आपला दिवस भरती-ओहोटी ठरवते.

आमचा पहिला दिवस चतुर्दशीचा होता. दुपारी एकच्या सुमारास आम्ही खोलीवर पोहोचलो, जेवलो, आणि तीन वाजता धाकटी पोहण्याचे कपडे घालून झाडांच्या रांगेतून पळत सुटली. दोन मिनिटांत ती तशीच परत आली आणि म्हणाली, ‘‘बाबा, समुद्र नाहीये.’’ खरोखरच पाणी दोन-अडीचशे पावले मागे गेले होते. मध्ये काळपट खडक, मेलेल्या प्रवाळाचे बोटाएवढे पांढरे तुकडे आणि गुडघ्याइतकी पाण्याची डबकी होती. पत्नीचा चेहरा उतरला, कारण आरक्षण तिने केले होते आणि छायाचित्रे तिनेच आम्हाला दाखवली होती. तेवढ्यात रिसॉर्टची व्यवस्था पाहणारे वयस्कर बंगाली गृहस्थ झाडलोट करता करता हिंदीत म्हणाले, ‘‘दादा, सकाळी नऊला या, पाणी इथे येईल,’’ आणि त्यांनी झाडूच्या टोकाने मोहाच्या झाडाच्या मुळापाशी रेघ ओढली. तिथला समुद्रकाठचा मोह आपल्या मोहाहून वेगळा, मोठ्या बुंध्याचा, आणि त्याची मुळे थेट वाळूत उघडी पडलेली असतात. दुसऱ्या दिवशी साडेनऊला पाणी त्या रेघेवर होते. काचेसारखे स्वच्छ, कमरेइतके, जवळजवळ लाटा नसलेले पाणी. धाकटी दोन तास त्यातून बाहेर आली नाही.

म्हणजे छायाचित्र खोटे नव्हते, ते भरतीच्या वेळी काढलेले होते. विजयनगर आणि गोविंदनगरचे किनारे, जिथे परवडणारी बहुतेक रिसॉर्टे आहेत, ते बेटाच्या पूर्वेकडचे, उथळ आणि प्रवाळखडकाचे आहेत. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत उभा फरक साधारण सहा-सात फुटांचाच असतो. पण तळ जवळजवळ सपाट असल्यामुळे तेवढ्या फरकात पाणी फार लांब सरकते. आम्हा सांगलीकरांना पाणी फुटांत मोजण्याची सवय आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, आणि २०१९ मध्ये ती ५७ फुटांवर गेलेली आम्ही पाहिली. त्यामुळे सहा फूट ऐकून प्रथम मला काहीच वाटले नव्हते. तिथे मात्र त्या सहा फुटांवर सगळे अवलंबून असते.

आता तिथीचे. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. अष्टमीच्या आसपास दोन्ही सौम्य असतात. कोकणात त्याला भांग म्हणतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, आणि एकाच ठिकाणी एकाच तिथीला ती साधारण त्याच वेळी येते. कोकणातले लोक तिथीच्या अंकाची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. जलदुर्ग पाहायला जाणाऱ्या आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींना हे गणित तोंडपाठ असते. स्वराज द्वीपावर ते जसेच्या तसे लागू होत नाही. आम्ही होतो त्या दिवसांत पाणी कोकणच्या हिशेबाहून तास-दीड तास आधी भरत होते. पौर्णिमेला सकाळी दहाच्या आसपास भरती आणि चारच्या सुमारास ओहोटी अशी वेळ होती. नेमकी वेळ तिथे गेल्यावर बोटवाल्यांना किंवा स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाण्याखाली बुडी मारणे, शिकवणाऱ्यांना विचारावी. त्यांच्या फलकावर ती रोज खडूने लिहिलेली असते. पण महिनाभर आधी आरक्षण करताना भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी आहे. मुलांना सकाळी दारातल्या पाण्यात खेळवायचे असेल, तर पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आदल्या दिवशी पोहोचावे. अष्टमीला गेलात, तर सकाळी दहाच्या सुमारास पाणी मागे असेल, जरी ते फार लांब गेलेले नसेल.

पौर्णिमेचा आणखी एक लाभ आम्हाला मुद्दाम न ठरवता मिळाला. किनारा पूर्वेकडचा असल्याने संध्याकाळी चंद्र समुद्रातूनच वर येतो. फेब्रुवारीत तिथे साडेपाचच्या आतबाहेर सूर्यास्त होतो, कारण घड्याळ आपलेच असले तरी बेट आपल्यापेक्षा पुष्कळ पूर्वेला आहे. त्यामुळे साडेसहाला पूर्ण रात्र झालेली असते आणि आपल्या दिनक्रमात ती वेळ चहाची असते. आई खुर्चीवर बसून शेंगदाणे सोलत होती आणि चंद्र तांबडा, मोठा असा पाण्यातून वर येत होता. एका दिवसात बेट पाहून परत जाणाऱ्या माणसाला हे दिसणारच नाही, कारण तो तेव्हा बोटीत असतो. आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘राहा’ असे आहे, ते मुख्यतः यासाठी.

दुपारी ओहोटी असताना राधानगरला जावे. तो किनारा पश्चिमेकडचा, लांबरुंद आणि निव्वळ वाळूचा आहे. तिथे खडकांची अडचण नाही आणि सूर्यास्तही तिथेच दिसतो. २००४ मध्ये टाइम साप्ताहिकाने त्याला आशियातील सर्वोत्तम किनारा म्हटले होते, तेव्हापासून गर्दी आहे, पण किनारा इतका मोठा आहे की ती जाणवत नाही. तिथे राहणे महाग पडते. पूर्वेला राहून रिक्षाने, बसने किंवा भाड्याच्या दुचाकीने तिकडे जाणे खिशाला परवडते. ओहोटीतही एक दिवस आपल्याच किनाऱ्यावर घालवावा, पायात जुने बूट घालून, कारण प्रवाळाचा तुकडा पाय कापतो आणि ती जखम लवकर भरत नाही. डबक्यांत निळे मासे अडकलेले असतात आणि शंखात राहणारे खेकडे शेकड्यांनी फिरतात. आमच्या मुलीने वेचलेला एक शंख तिच्या तळहातावर चालू लागला. एक खेकडा मोठा झाला की जुना शंख टाकून नवा शोधतो, हे तिला तिथे बसून पाहता आले. प्रवाळ आणि शंख-शिंपले घरी आणू नयेत. अनेक जातींना कायद्याचे संरक्षण आहे, विमानतळावर सामानात सापडल्यास जप्त होतात, आणि रिकामा दिसणारा शंख त्या खेकड्याचे पुढचे घर असतो.

स्वस्त याचा अर्थ काय, हे आधीच समजून घ्यावे. आम्ही दोन खोल्यांचे मिळून रोज ४,२०० रुपये दिले. त्यात बांबूची आणि लाकडाची, जमिनीपासून दोन फूट उचललेली खोली, मच्छरदाणी, पंखा आणि स्वतंत्र न्हाणीघर मिळाले. नळाचे पाणी मचूळ होते, साबणाला फेस येत नव्हता, आणि वीज दिवसातून एक-दोनदा जात होती. चादरीवर वाळू येते, ती कितीही झटकली तरी येते. भिंतीवर पालीचा आवाज रात्रभर होता. या कशानेही आमचे बिघडले नाही. बिघडले ते वेगळ्याच कारणाने. एका मध्यस्थाकडून आम्ही ‘समुद्राभिमुख’ म्हणून घेतलेल्या खोल्या प्रत्यक्षात दोन रांगा मागे, स्वयंपाकघराच्या धुराच्या बाजूला निघाल्या, आणि पुढच्या रांगेत जागा होईपर्यंत दोन रात्री तिथे काढाव्या लागल्या. म्हणून पैसे भरण्यापूर्वी रिसॉर्टच्या माणसाशी स्वतः फोनवर बोलावे आणि खोलीचा क्रमांक विचारून घ्यावा. दारातून पाणी किती पावलांवर, पायऱ्या किती, न्हाणीघरात शौचालय कोणत्या पद्धतीचे, रात्री जनित्र चालते का, हे विचारावे. सासूबाई बरोबर आहेत म्हणून पायऱ्यांचा प्रश्न सर्वांत आधी. माझ्या आईचे गुडघे दुखतात. वाळूत चालणे तिला जड गेले, आणि आम्ही पुढच्या रांगेत आल्यावरच ती एकटीने समुद्राजवळ जाऊ शकली. आपल्या प्रवासात पैसे वाचवायचेच असतील, तर वातानुकूलित यंत्रावर वाचवा, पुढच्या रांगेवर वाचवू नका.

जेवणाबाबत थोडक्यात सांगतो. भाजी बरीचशी मुख्य भूमीवरून जहाजाने येते, त्यामुळे साधी भाजी-पोळीही अपेक्षेपेक्षा महाग पडते आणि पोळी नेहमी मिळतेच असे नाही. भात, डाळ आणि मासे उत्तम. मासा वजनावर विकतात, म्हणून आधी वजन आणि दर विचारून मगच होकार द्यावा. रात्रीचे जेवण दुपारीच सांगावे लागते. आम्ही सांगलीहून दोन किलो भडंग आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती तिसऱ्या दिवशी संपली.

पाण्याच्या सुरक्षिततेबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे. खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ मगरीची सूचना देणारे फलक असतात, ते गांभीर्याने घ्यावेत. कृष्णाकाठच्या आम्हाला मगर नवी नाही, पण नदीतली ती मगर वेगळी आणि तिथली खाऱ्या पाण्यातली मगर वेगळी. ही कितीतरी मोठी आणि आक्रमक असते. २०१० मध्ये याच बेटावर एका परदेशी महिलेचा तिच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. फलक नसलेल्या, लोकांचा वावर असलेल्या ठिकाणीच आणि उजेडातच पाण्यात उतरावे. मुलांना नारळाच्या झाडाखाली बसू देऊ नये. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्यांची खाज आठवडाभर राहते. पाय झाकणारे कपडे आणि खोबरेल तेल यांचा आम्हाला उपयोग झाला. नेहमीची औषधे पूर्ण मुक्कामाची न्यावीत, आणि रोख रक्कमही, कारण बेटावर एटीएम मोजकी आहेत.

प्रवासात एकच गोष्ट पक्की ठरवावी, ती म्हणजे परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच असावे. शहराचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे, तिकिटांवर दोन्ही नावे दिसतात. बेटावरून येणारी सरकारी बोट स्वस्त आहे आणि सुमारे अडीच तास घेते. खासगी बोट दीड-दोन तासांत आणते. पण वारा वाढला की कोणतीही बोट रद्द होऊ शकते. आमची परतीची बोट रद्द झाली, आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो, आणि तो राखून ठेवलेला दिवस हाताशी होता म्हणूनच विमान मिळाले. बोट वेळेवर सुटली, तर तो दिवस सेल्युलर जेलसाठी ठेवावा. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आता तीन उरल्या आहेत. स्वातंत्र्यवीरांची कोठडी सगळेच पाहतात, पण त्यांचे थोरले बंधू बाबाराव सावरकर हेही तिथेच होते आणि १९४५ मध्ये त्यांचे निधन आमच्या सांगलीत झाले. आई त्या ओसरीवर बराच वेळ उभी होती.

आम्ही मिरजेहून रेल्वेने बंगळुरू आणि तिथून विमान असा मार्ग घेतला. आपल्याला पुणे जवळ पडेल. मे ते सप्टेंबर पावसाळा असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वादळांची शक्यता राहते, म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतच्या पौर्णिमा-अमावास्या दिनदर्शिकेत पाहा, मुलांच्या परीक्षा टाळा, आणि जी तारीख उरेल तिच्या आदल्या दिवसापासून चार रात्री पुढच्या रांगेतील खोल्या मागा.