असरचे अहवाल येतात, संशोधनही होतं, मग शाळेत फरक का पडत नाही?

तुम्ही विचारलंय की पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीचं वाचता येत नाही हे इतकी वर्षं कळतंय, तर उपाय सापडत नाही का? उपाय सापडलाय. तो शाळेच्या दिवसात बसवणं अवघड जातंय.

डी.एड.ला असताना मी असरच्या, म्हणजे ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीत घरोघर फिरले. एका पडवीत सहावीतली मुलगी समोर बसली होती. अक्षरं, शब्द तिनं भराभर वाचले. दुसरीच्या पातळीच्या गोष्टीत मात्र पहिल्याच जोडाक्षरापाशी तिचं बोट थांबलं, ते हलेचना. आई आतून वही घेऊन आली. "बघा ना ताई, सगळं बरोबर आहे." खरंच होतं. वळणदार अक्षर, पानोपानी लाल टिक. फळ्यावरची उत्तरं तिनं मन लावून उतरवली होती. अशीच मुलं पुढे मोठी होतात. २०२३ च्या असरमध्ये १४ ते १८ वयाच्या ८६.८ टक्के मुलांची नावं कुठे ना कुठे पटावर होती, तरी या वयाच्या साधारण चौथ्या हिश्श्याला दुसरीचा मजकूर सफाईने वाचता आला नाही.

उपाय मुंबईतच तपासला गेला. २००१ च्या सुमारास मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी, म्हणजे वस्तीतल्याच तरुणी, मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायच्या. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं, मुलं पुढे सरकली होती.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती बिहारची गोष्ट. २००८ च्या उन्हाळी सुट्टीत सरकारी शिक्षकांनीच महिनाभर अशी शिबिरं घेतली, मुलांचं वाचन सुधारलं. पुढे शाळा सुरू असताना शिक्षकांना तेच प्रशिक्षण, तेच साहित्य दिलं, तर फरक शून्य. शिक्षक नालायक म्हणून नव्हे. सुट्टीत पोर्शन नसतो! शाळेत मात्र साहेब आले की पहिला प्रश्न, "कुठवर आलात?" आपल्याकडे काय वेगळं आहे?

हे ओळखून २०१२-१३ मध्ये हरियाणात वेळापत्रकातच एक तास राखून ठेवला. त्या तासात इयत्ता विसरून, ज्याला जे येतं त्याप्रमाणे गट. देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः काही दिवस वर्ग घेतले. भाषा सुधारली (गणितात फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं).

म्हणून नुसत्या प्रशिक्षणाच्या बातमीवर मी विश्वास ठेवत नाही. तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एवढंच विचारा: वाचनाचे गट रोज किती वाजता बसतात, आणि त्या तासाला शिक्षकांना दुसरं कुठलं काम लावलं जातं का?