मराठवाड्यावरच्या इन्स्टाग्राम पेजवर इतरांचे फोटो टाकताना नुसतं क्रेडिट दिलं तर चालतं का?

नाही चालत. क्रेडिट म्हणजे परवानगी नव्हे. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार फोटोचा मालक सहसा तो काढणाराच असतो आणि हा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. वेरूळचं कैलास लेणं सगळ्यांचं. पण त्याचा फोटो ज्यानं काढला त्याचाच.

आधी मेसेज करा: ‘तुमचा देवगिरीच्या तटबंदीचा पावसाळी फोटो आमच्या पेजवर तुमच्या नावानं टाकू का? क्रॉप, फिल्टर काही करणार नाही.’ पोस्ट जाहिरातीची असेल तर तेही सांगा. लेखी ‘हो’ आलं की त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. उत्तरच आलं नाही, तर तो नकार समजा.

माझ्या मते कोलॅब, म्हणजे इन्स्टाग्रामवरची दोघांची सामायिक पोस्ट, सगळ्यात चांगलं. छायाचित्रकारानं पोस्ट टाकून तुम्हाला आमंत्रण पाठवायचं, तुम्ही स्वीकारायचं. एकच पोस्ट दोन्ही प्रोफाइलवर दिसते, लाइकही एकत्रच मोजले जातात. ते जमत नसेल तर मूळ फाइल मागवा, व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून. साधा फोटो म्हणून आली की ती दाबली जाते आणि दगडावरचे छिन्नीचे घाव पुसट होतात.

नाव कॅप्शनच्या पहिल्या ओळीत द्या, शिवाय फोटोवर टॅग करा. हॅशटॅगांच्या ढिगाखाली टाकलेलं नाव कुणी वाचत नाही. ‘साभार: गूगल’ हे तर श्रेयच नाही, फॉरवर्ड होऊन आलेला फोटो गूगल लेन्सवर (फोटोवरूनच शोध घेणारं गूगलचं साधन) शोधा, मालक सापडला नाही तर टाकू नका.

आणि कोपऱ्यातला वॉटरमार्क कधीही कापू नका.