घुमणाऱ्या आवाजाचा ठावठिकाणा

प्रश्न : कोथरूडला आमच्या सोसायटीत रात्री ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. कुणी म्हणतं तळघरातला पंप, कुणी म्हणतं रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर. ‘आवाजाचा कॅमेरा’ भाड्याने आणावा का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नका आणू. हे मी पिंपरीच्या कारखान्यात अशा कॅमेऱ्यांपुढे बरीच वर्षं काढल्यावर सांगतोय.

हा कॅमेरा म्हणजे एक चकती. तिच्यावर पन्नास-साठ माइक असतात, मध्ये साधा कॅमेरा. आवाज मिलिसेकंदाला सुमारे 34 सेंटीमीटर जातो. डावीकडून आला की डाव्या माइकला आधी पोहोचतो, उजव्याला किंचित उशिरा. संगणक एकेक दिशा धरतो, तेवढा उशीर भरून काढतो आणि बेरीज करतो. बेरीज जिथे जोरात, तिथे चित्रावर लाल डाग. एकदा एका शिट्टीसाठी आम्ही आठवडाभर गिअरच्या दात्यांना दोष देत होतो आणि लाल डाग बसला शेजारच्या पत्र्याच्या झाकणावर! रबरी वायसर घातले, शिट्टी गेली.

पण ती शिट्टी होती. 2000 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 2000 कंपनांची, लाट 17 सेंटीमीटरची, मीटरभराच्या चकतीला ती सहज पकडता येते. तुमचा ट्रान्सफॉर्मर घुमतो 100 हर्ट्झला, कारण 50 हर्ट्झच्या विजेत त्याचा लोखंडी गाभा दर आवर्तनाला दोनदा ताणला जातो. ही लाट साडेतीन मीटरच्या आसपास. चकतीच्या दोन्ही कडांना ती जवळपास सारखीच लागते आणि लाल डाग अख्ख्या इमारतीवर पसरतो. पंपाची मोटरही 100 ला घुमू शकते, म्हणून हर्ट्झ मोजणाऱ्या फोनवरच्या ॲपनेही निकाल लागत नाही. कानावर तर मुळीच विसंबू नका. पलंगावर घुमणारा आवाज खोलीत दोन पावलं सरकलं की विरतो, कारण भिंतींवरून परतलेल्या लाटा कुठे एकमेकींना जोर देतात, कुठे एकमेकींना मारतात.

रात्री वॉचमनला फोन करून पंप दोन मिनिटं बंद करायला सांगा. तुम्ही वर, जागा न सोडता उभे राहा. त्याच क्षणी आवाज तुटला तर पंपच. मग पंप चालू असताना वर चढणाऱ्या पाइपला तळहात लावा. मुंग्या आल्यासारखं थरथरलं, तर आवाज पाइपच्या क्लॅम्पमधून भिंतीत शिरतोय. प्लंबरकडून क्लॅम्पखाली रबर, पंपाखाली पॅड आणि पाइपला लवचीक जोड बसवून घ्या. पंप बंद करूनही घुमत राहिलं, तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा.