काकांची जुनी फायबरची मोटरबोट. तळाला फोड आलेत, एक तडा आहे. नागपुरात घरीच दुरुस्त होईल का?

होईल, पण नवतप्यात हात घालू नका. मी एकदा मे महिन्यात भरदुपारी रेझिन (फायबरला धरून ठेवणारं, वाळून कडक होणारं चिकट द्रव) कालवलं. ब्रश बुडवेपर्यंत डब्यातच दगड, वर डब्याचा चटका. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. तोवर फोड फोडून, गोड्या पाण्याने धुऊन, बोट सावलीत उपडी वाळू द्या. ओल राहिली की फोड परत येतात.

आधी तळावर नाणं वाजवत फिरा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तिथे आतले थर सुटलेत. तेवढं ग्राइंडरने काढायचंच. तड्यावर नुसती पुट्टी लोपली तर पहिल्याच लाटेला निघते. कडा उतरत्या घासायच्या, खोलीच्या साधारण बारापट. म्हणजे 4 मिमी खोल तड्याला दोन्ही बाजूंना 5 सेंमी. मग अ‍ॅसिटोनने पुसून मॅटचे (काचतंतूंच्या चादरीचे) तुकडे रेझिनमध्ये भिजवून, लहान-मोठे असे एकावर एक, रोलरने हवा काढत.

कूलरच्या बॉड्या बनवणाऱ्यांकडे मॅट, रेझिन मिळून जाते. कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं) आणि हार्डनर (ते घट्ट करणारं) मात्र थेट एकमेकांत कधीच ओतू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळा, हार्डनर शेवटी, एक-दोन टक्के.

वर जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर), मग 400 पासून 1000 पर्यंत पाण्याचा पॉलिश पेपर. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्या, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल बाप्पा!