वाचक विचारतात : संशोधन गावात पोचतं तेव्हा त्यातलं काय उरतं?

या महिन्याच्या पत्रांत चार प्रश्न एकाच धाग्याचे निघाले, कुठेतरी एक अभ्यास होतो, तो सिद्ध होतो, आणि मग आपल्या गावात येईपर्यंत त्याचं काय होतं, असा तो धागा. म्हणून चारही एकत्र घेतलेत. गुडघेदुखी आणि केसगळतीवाल्यांनी रागावू नका, तुमचा नंबर पुढच्या अंकात.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करते. माझ्या आशाताई विचारतात की एचबीएनसीच्या, म्हणजे नवजात बाळाला घरी जाऊन बघायच्या भेटींचे हे दिवस, ३, ७, १४, २१, २८, ४२, कुणी ठरवले? बाळंतपण दवाखान्यात झालं, डॉक्टरांनी बाळ तपासलं, आता आम्ही घरी जाऊन नवीन काय बघणार? मला धड उत्तर देता येत नाही. याला काही आधार आहे की वरून आलेला अजून एक फॉर्म?

उत्तर : ताई, फॉर्म वरूनच आलाय, पण त्यातला मजकूर गडचिरोलीतून वर गेला होता आणि तिथून फिरून तुमच्याकडे आलाय.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तेव्हा सगळीकडे समज असा की नवजात बाळ आजारी पडलं तर ते मोठ्या दवाखान्यातच वाचणार, आणि मोठा दवाखाना तर नाहीच, मग काय, नशीब म्हणायचं. यांनी ३९ गावं कामाला घेतली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. आणि सुरुवातीला उपचाराची घाई केली नाही. गावातलीच थोडी शिकलेली बाई निवडली, तिला घरोघर जाऊन बाळ बघायला आणि लिहून ठेवायला शिकवलं, कुठलं बाळ कधी आजारी पडतं, कशाने जातं. ही माहिती हातात आल्यावर मग पुढचं शिकवलं : वजन करणं, ताप आणि गारठा मोजणं, श्वास मोजणं, जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला श्वास देणं, आणि सेप्सिस म्हणजे अंगात पसरलेला जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन देणं. हो, इंजेक्शन, गावातल्या साध्या बाईने. तेव्हा यावर डॉक्टरमंडळी किती चिडली असतील याचा अंदाज तुम्हाला असेलच.

१९९३ ते ९५ च्या सुमाराला त्या ३९ गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. घरच्या घरी काळजी सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी हा आकडा २५.५ वर आला, आणि तुलनेच्या गावांत मात्र साठच्या आसपासच राहिला. हे डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मग महाराष्ट्रात इतर संस्थांनी हेच आपल्या भागात करून बघितलं, आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने पाच राज्यांत करून बघितलं, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने एचबीएनसी म्हणून आशांच्या हातात दिलं, दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात, आणि त्याचे २५० रुपये. म्हणजे लेख छापून आल्यापासून सरकारी कार्यक्रम व्हायला बारा वर्षं.

आता यात काय गळलं ते बघा. इंजेक्शन गळलं, देशभरातल्या लाखो आशांच्या हातात सिरिंज द्यायला सरकार धजावलं नाही, आणि २०१४ मध्ये ठरावीक परिस्थितीत एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सला, ती परवानगी दिली. यावर भांडण होऊ शकतं पण निदान हा निर्णय उघडपणे झाला. दुसरी गोष्ट गुपचूप गळली. गडचिरोलीत त्या बायांच्या पाठीशी नियमित येणारं कुणीतरी होतं, पंधरवड्याला गावात जाऊन वही तपासायचं, बाळ स्वतः बघायचं, चुकलं तिथे परत शिकवायचं. देशभर नेताना भेटींचे दिवस गेले, फॉर्म गेला, किट गेलं, आणि हे कुणीतरी प्रत्यक्ष येणं म्हणजे महिन्याची मीटिंग आणि रिपोर्ट झाला. ते ‘कुणीतरी’ म्हणजे कागदावर तुम्हीच आहात ताई, आणि तुम्हाला किती गावं, किती ऑनलाइन एंट्र्या आणि किती कमी पैसे आहेत ते मला माहितीये, त्यामुळे दोष तुमचा नाही.

आशांना सांगा की दवाखान्याने बाळ पहिल्या-दुसऱ्या दिवशी बघितलं, आणि आई ४८ तासांनी, कधी त्याआधीच, घरी आली. दूध ओढणं बंद होतं, अंग गार पडतं, छाती आत ओढली जाते हे सगळं त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशीही होऊ शकतं, आणि तेव्हा तिथे डॉक्टर नसतो, आजी असते. आशाने नवीन काय बघायचं? तर मागच्या भेटीपेक्षा काय बदललं ते. एका वजनाला फारसा अर्थ नाही, दुसरं वजन झालं की बाळ वाढतंय की उतरतंय ते कळतं. शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, परत मोजले तरी तितकेच, तर थांबायचं नाही, पाठवायचं. गडचिरोलीत अक्षरओळख नसलेल्या दायांनाही हे मोजता यावं म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी लावलेली पट्टी बनवली होती, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. तुमच्याकडे मोबाईल आहे. पुढच्या वेळी कुठल्याही एका आशाबरोबर घरी जा, फॉर्म पिशवीतच ठेवा, दोघी एकाच वेळी एकाच बाळाचे श्वास मोजा आणि आकडा जुळतो का बघा. मला वाटतं दहा मीटिंगांपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

अजून एक, आपल्या घरांचं स्वतःचं वेळापत्रक आहेच की, पाचवी, बारसं, सव्वा महिना. चांगल्या आशा ते बरोबर वापरतात, पाचवीला सगळ्या बायका जमलेल्या असतात तेव्हा जाऊन बाळाला आंघोळ घालायची घाई नको, मध चाटवू नका, हे आजीला चारचौघींत सांगून येतात. आणि पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर भेटी कुणाच्या, सासरच्या आशाच्या की माहेरच्या, हा गोंधळ फोन करून मिटवा, नाहीतर दोन्ही फॉर्म भरलेले आणि बाळ कुणीच बघितलेलं नाही असं होतं.

प्रश्न : आम्ही नाशिकचे काही मित्र निक्षय मित्र झालोय, म्हणजे टीबी पेशंटना मदत करायच्या सरकारी योजनेत नाव नोंदवलंय. पाच टीबी पेशंटना दर महिन्याला किट देतो, प्रोटीन पावडरचा डबा, बिस्किटं, खजूर. फोटोही छान येतात. याचा खरंच उपयोग होतो का, का नुसतं समाधान?

उत्तर : उपयोग होऊ शकतो, फक्त डब्यात काय आहे, किती आहे आणि कुणासाठी आहे यावर सगळं आहे.

यावर आपल्याच देशात झारखंडमध्ये मोठा अभ्यास झाला, ‘रेशन्स’ नावाचा, डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांचा, आयसीएमआरच्या मदतीने. ऑगस्ट २०१९ ते ऑगस्ट २०२२, चार जिल्हे, २,८०० पेशंट आणि त्यांच्या घरातली दहा हजारांवर माणसं. पेशंटना दोन्ही गटांत धान्य मिळत होतं. फरक घरच्यांचा होता, एका गटात घरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या, म्हणजे दिवसाला साधारण ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रोटीन जास्तीचं, आणि दुसऱ्या गटात घरच्यांना काही नाही. निकाल २०२३ मध्ये आला : ज्या घरांत सगळ्यांना धान्य मिळालं तिथे नव्या टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी, आणि थुंकी वगैरे तपासून पक्का झालेला टीबी धरला तर ४८ टक्क्यांनी कमी. तांदूळ आणि डाळीने!

पेशंटच्या बाबतीत त्यांना असं दिसलं की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका जवळपास ६० टक्क्यांनी कमी होता. इथे थोडं जपून, धान्य न मिळालेल्या पेशंटांशी ही तुलना नाही, त्यामुळे ‘धान्यामुळेच वाचले’ असं यावरून छातीठोक म्हणता येत नाही. पण वजन वाढत नसलेल्या पेशंटकडे लगेच लक्ष द्यायला हवं एवढं तर पक्कं कळतं.

आता तुमचं किट. प्रोटीन पावडरचा डबा महाग, तो एकट्या पेशंटच्या नावाचा, आणि घरात चार पोरं असतील तर आई काय एकटीच पीत बसणार आहे का? अभ्यासात ज्याने गुण आला ते म्हणजे पोटभर साधं अन्न, अख्ख्या घराला, दर महिन्याला न चुकता, उपचार संपेपर्यंत. आपल्याकडे तांदळाच्या जागी ज्वारी-बाजरी चालेल, तूर किंवा हरभरा डाळ, शेंगदाणे, तेल, खात असतील तर अंडी. पेशंटला शुगर असेल तर खजूर-बिस्किटं देऊच नका, डॉक्टरांना विचारून ठरवा. माझं ऐकाल तर पाच पेशंटांना थोडं थोडं देण्यापेक्षा दोन घरं घ्या आणि पूर्ण द्या. पेशंटचं दर महिन्याला वजन करून तारखेसकट लिहून ठेवा, तुमच्याकडचा चांगला काटा असेल तर तोच न्या पण दर वेळी तोच. दोन महिन्यांत वजन हललं नाही तर किट वाढवण्याआधी टीबी सुपरवायझरला फोन करा, गोळ्या सोसत नाहीत, दारू आहे, दुसरा काही आजार आहे, काहीही असू शकतं. घरातल्यांची तपासणी झाली का आणि डॉक्टरांनी त्यांना टीबी रोखायच्या गोळ्या सांगितल्यात का हेही विचारा, धान्य त्याची जागा घेत नाही.

टीबी पेशंटला खाण्यासाठी मिळणारे सरकारचे निक्षय पोषणचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० चे १,००० झालेत, ते खात्यात आले का हे विचारायलाही पेशंटला कुणीतरी लागतं. बँकेत बरोबर जाणं हेसुद्धा मित्राचंच काम.

आणि फोटो बंद करा. खेड्यात अजून टीबीचं नाव निघालं की पोरीचं लग्न अडतं, आणि तुम्ही किट हातात देऊन ग्रुपवर टाकताय.

प्रश्न : सगळ्यांना माहितीये की जुलाबाला ओआरएस. भिंतीवर लिहिलंय, शाळेत शिकवलंय. तरी आमच्या गावात पोराला जुलाब झाले की सगळे सलाईन लावायलाच पळतात. इतकी वर्षं सांगून उपयोग काय? — निवृत्त शिक्षक, जत

उत्तर : सर, गंमत अशी की ओआरएसचा मोठा पुरावा सलाईन संपलं म्हणूनच मिळाला. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या पुरेनात, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपात भरून नातेवाइकांनाच पाजायला लावलं. मृत्यू ३० टक्क्यांच्या घरात होते ते चार टक्क्यांच्याही खाली आले.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर बनगावपेक्षा बांगलादेशात जास्त मिळतं. तिथे ब्रॅक संस्थेच्या बायकांनी १९८० ते ९० मध्ये एक कोटीहून जास्त घरांत जाऊन आयांना तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे समोर बसवून करायला शिकवलं. भारी भाग पगाराचा आहे : किती घरं केली यावर पैसे नाहीत, नंतर दुसरं कुणीतरी जाऊन काही आयांना विचारायचं, आणि त्यांच्या किती लक्षात राहिलंय त्यावर त्या बाईचे पैसे. तरीही सुरुवातीला आया शिकल्या पण वापरेनात. शोधल्यावर कळलं की शिकवणाऱ्या बायकांचाच त्यावर विश्वास नव्हता, स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घ्यायच्या! आणि घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग या दोन्ही गोष्टी सुधारल्या.

तुमच्या गावात भिंत रंगवली, पण सलाईन लावणारा डॉक्टर आणि पोराला गाडीवर बसवून पळणारा बाप या दोघांशी कोण बोललं? तिथून सुरू करा. घरात ओआरएसची दोन पाकिटं हवीत, एक पाकीट एक लिटर पाण्यात, वर १४ दिवस झिंकच्या गोळ्या. आणि पोर पीतच नाही, मलूल पडलंय, शौचात रक्त आहे तर खरंच पळा, तिथे सलाईनच लागू शकतं.

प्रश्न : मी पुण्यात एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करतेय. एका गावात किशोरवयीन मुलींच्या रक्तक्षयावर प्रबंध केला, जमा केला, मार्क मिळाले. आता याचं त्या गावासाठी काय करू?

उत्तर : आधी परत जा आणि ज्यांचं रक्त घेतलं त्यांना निकाल सांगा, बरेच जण इथेच गायब होतात आणि मग पुढच्या विद्यार्थ्याला गावकरी दारात उभं करत नाहीत. ज्या मुलींचं हिमोग्लोबिन फार कमी आलं त्यांची नावं भिंतीवर नाही, एएनएमच्या हातात. मग एक पान मराठीत लिहा, टक्केवारी कमी आणि ‘दहातल्या इतक्या मुली’ असं जास्त, आणि ते गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीसमोर वाचा. या समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत निधी असतो आणि तो कशावर खर्च करायचा हे पुष्कळ ठिकाणी कुणाला सुचत नाही, त्यामुळे एकच नेमकी मागणी घेऊन जा, लोहाच्या गोळ्या शाळेत वाटतात पण शाळा सोडलेल्या मुलींपर्यंत कोण पोचवणार, असं काहीतरी तुमच्याच आकड्यांतून निघालेलं. मीटिंगची तारीख ग्रामपंचायतीत विचारलीत तर ‘बघू’ म्हणतील, आशाताईंना विचारा.